कांजी कुठून सुरू करावी, आणि हाताने लिहावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कारखान्यात काम करते, जपानी शिकते आहे. हिरागाना आणि काताकाना, या उच्चार दाखवणाऱ्या दोन लिपी, दोन महिन्यांत झाल्या. आता कांजीची, म्हणजे चीनमधून आलेल्या अर्थ दाखवणाऱ्या चिन्हांची, यादी घेऊन रोज १० चिन्हं पाठ करते, प्रत्येकाची ओन (चिनी मूळची) आणि कुन (जपानी) अशी सगळी वाचनं, म्हणजे उच्चार, वहीत उतरवते, आणि आठवड्याने पाहावं तर निम्मी पुसून गेलेली असतात. परीक्षेत हाताने लिहावं लागत नाही असं कळलं, मग लिहिण्यात वेळ घालवावा का? सोबत वहीच्या एका पानाचा फोटो आहे.

फोटोकडे शेवटी येते. मी पुण्यात वीसेक वर्षं जपानी शिकवते, अधूनमधून कारखान्यांच्या कागदपत्रांचे अनुवाद करते, आणि हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच. (मी स्वतः क्लास लावला तेव्हा आजीने विचारलं होतं, कपड्यांना घालायची कांजी शिकायला पैसे कशाला मोजायचे?)

पुढे मी एकही चिन्ह काढून दाखवलेलं नाही, ते मुद्दाम. फोनमध्ये जपानी कळफलक टाकून घ्या आणि जो शब्द येईल तो टाइप करून त्याचं चिन्ह स्वतः उमटवून बघा. आयतं समोर आलेलं चिन्ह डोळ्यांखालून नुसतं सरकतं.

आधी रोज १०चा हिशेब. जपानमध्ये पहिलीच्या मुलांना वर्षभरात ८० कांजी शिकवतात. दुसरीत १६०, तिसरीत २००, आणि सहावी संपेपर्यंत एकूण १,०२६. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली ‘जोयो कांजी’ची यादी २,१३६ अक्षरांची आहे, २०१०च्या दुरुस्तीआधी ती १,९४५ होती. म्हणजे तिथलं मूल, ज्याच्या घरात दिवसभर जपानीच बोलतात, जे वर्षात करतं ते तुम्ही आठ दिवसांत करायला निघाला आहात. निम्मी राहतात हेच मला जास्त वाटतं.

पण खरी गडबड वेगाची नाही, वाचनांच्या यादीची आहे. ‘सेइ, शो, इकिरु, उमारेरु, नामा’ अशी एकाच अक्षराच्या वाचनांची रांग पाठ करणं हा मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला ‘१’ या आकड्याचे उच्चार पाठ करायला लावण्यासारखा प्रकार आहे. विचार करा: १ लिहिलं की आपण ‘एक’ म्हणतो. १ला लिहिलं की ‘एकला’ कोणी म्हणत नाही, ‘पहिला’ म्हणतो. २रा म्हणजे दुसरा, ४था म्हणजे चौथा. १२मध्ये तोच १ आहे, पण त्यात ना एक ऐकू येतो ना पहिला, सरळ बारा. हे आपल्याला कोणी ‘१ची चार वाचनं’ म्हणून शिकवलं नाही. शब्द आधी तोंडात होते, चिन्ह नंतर येऊन बसलं.

कांजीचं नेमकं हेच आहे. १लामधला ‘ला’ जे काम करतो, तेच काम कांजीला चिकटून येणारी हिरागाना करते. तिला ओकुरिगाना म्हणतात. जगण्याचं-जन्माचं ते अक्षर घ्या. त्याच्यापुढे ‘किरु’ आलं की इकिरु, जगणे. ‘मारेरु’ आलं की उमारेरु, जन्मणे. ‘सेन्सेइ’, शिक्षक, या शब्दातला शेवटचा ‘सेइ’ तेच अक्षर. ‘गाकुसेइ’, विद्यार्थी, यातला ‘सेइ’ही तोच. हे शब्द तुम्हाला आधीच येतात. म्हणजे त्या अक्षराची दोन-तीन वाचनं तुमच्याकडे आहेतच, फक्त ती यादीच्या खात्यात नसून शब्दांच्या खात्यात आहेत.

काही शब्दांत तर वाचन अक्षरांना वाटून देताच येत नाही. ‘क्यो’ म्हणजे आज. लिहिताना ‘आत्ता’ आणि ‘दिवस’ अशी दोन अक्षरं. ‘क्यो’मधलं कितीकं पहिल्याचं आणि कितीकं दुसऱ्याचं, याला उत्तर नाही. आपण १½ ला दीड म्हणतो, त्यातला ‘दी’ एकाचा आणि ‘ड’ अर्ध्याचा असं कोणी विचारत नाही, तसंच. यादीवाल्या पद्धतीत असे शब्द ‘अपवाद’ म्हणून तळाला ढकललेले असतात. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यातच भेटतात: आज, उद्या, एकटा, मोठी माणसं.

ओन आणि कुनचं कोडंही आपल्याला फार परकं नसावं. ओन म्हणजे चीनमधून अक्षराबरोबर आलेला उच्चार, कुन म्हणजे त्याच अर्थाचा मूळ जपानी शब्द. आपण पाणी पितो, पण तलावात पोहण्याला जलतरण म्हणतो आणि पाण्यापासूनच्या विजेला जलविद्युत. सुटा शब्द घरचा, जोडशब्दात संस्कृत. जपानीत पाणी सुटं असलं की ‘मिझु’, आणि जोडशब्दात गेलं की ‘सुइ’: सुइदो म्हणजे नळाचं पाणी, सुइयोबी म्हणजे बुधवार. दरवेळी असंच होतं असं नाही. पोहण्याचा पोशाख ‘मिझुगी’ आहे, जशी आपली पाणबुडी जलबुडी झाली नाही. पण दहातल्या सात-आठ वेळा हा अंदाज लागू पडतो, आणि नवशिक्याला तेवढा पुरतो. आणखी एक गंमत: ‘फुजी-सान’मधला सान आदराचा नाही. डोंगराचं ते ओन वाचन आहे. ‘यामा’ आणि ‘सान’ एकाच अक्षराचे.

मग सुरुवात कुठून? मी सात वारांपासून करते. जपानी वारांची पहिली अक्षरं म्हणजे सूर्य, चंद्र, अग्नी, पाणी, लाकूड, धातू, माती. विद्यार्थी ही सात पाठ करताना दर वेळी अडखळतात, कारण अग्नी मंगळवारी का आणि लाकूड गुरुवारी का, हे कोणी सांगितलेलं नसतं. जपानीत मंगळाला ‘अग्नी-तारा’ म्हणतात, बुधाला ‘पाणी-तारा’, गुरूला ‘लाकूड-तारा’, शुक्राला ‘धातू-तारा’, शनीला ‘माती-तारा’. म्हणजे रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हा आपलाच क्रम आहे, नावं तेवढी चिनी पंचतत्त्वांची. यात आपला हातही आहे: भारतीय ज्योतिषावरचा एक ग्रंथ चिनीत गेला आणि तो कुकाई नावाचा भिक्षू ८०६ साली चीनहून जपानला घेऊन आला, वारांची ओळख तिथे त्यातून झाली. एकदा हे कळलं की मराठी माणसाला जपानी वार पाठ करावे लागत नाहीत. आणि ही सातही अक्षरं पहिलीच्या ८० मध्ये आहेत, पुढच्या शेकडो अक्षरांत तुकडा म्हणून येतात. अग्नी आणि डोंगर शेजारी ठेवले की ‘काझान’, ज्वालामुखी.

शाळेची यादी मात्र डोळे झाकून पाळू नका. ती सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिलीत किडा आहे, शिंपला आहे. ‘स्टेशन’ तिसरीत येतं आणि ‘मी’ म्हणायचं ‘वाताशी’ थेट सहावीत. तुम्हाला किडा थांबला तरी चालेल, स्टेशन थांबून चालणार नाही. शिंपला मात्र घ्याच. कवड्या-शिंपले हे जुन्या काळी चलन होतं, म्हणून ‘विकत घेणे’, ‘खर्च’ अशा पैशांच्या अक्षरांत तो खाली बसलेला सापडतो.

आता हाताचा प्रश्न. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची ती एन-५ (सगळ्यात सोपी) ते एन-१ची परीक्षा, सगळी पर्याय निवडायची आहे, त्यात एकही अक्षर लिहावं लागत नाही. जपानी लोकांसाठी असलेल्या कांजीच्या वेगळ्या परीक्षेत लिहावं लागतं, पण ती तुमची आजची गरज नाही. ऑफिसात सगळे कळफलकावर उच्चार टाइप करतात, स्पेस दाबतात आणि समोर आलेल्या पर्यायांतून अक्षर निवडतात. खुद्द जपानी माणसंही वाचता येणारं अक्षर लिहायची वेळ आली की अडतात. वर्ड प्रोसेसरच्या काळापासून त्यासाठी ‘वापुरो-बाका’, वर्ड प्रोसेसरने केलेला बावळट, असा शब्दच आहे. तेव्हा २,१३६ अक्षरं हाताने लिहायला शिका असं मी सांगणार नाही. मलाही ती सगळी न बघता लिहिता येत नाहीत.

पण पहिली दीड-दोनशे लिहा. याचं कारण मी स्वतः एकदा तोंडावर पडून शिकले. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. एका कारखान्यात तपासणी विभागात दुभाषी म्हणून उभी होते. खोक्यांवर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या: एक अक्षर, आणि पुढे ‘केन्सा’, तपासणी. पहिलं अक्षर मी ‘मात्सु’ वाचलं, शेवट. म्हणजे शेवटची तपासणी झालेला माल, असं मी सांगून टाकलं आणि खोकी पाठवणीच्या बाजूला गेली. ते होतं ‘मि’. अजून नाही. मि-केन्सा, तपासणी व्हायची आहे. दोन्ही अक्षरं म्हणजे झाडावर एक जादा आडवी रेघ. वरची रेघ लांब असेल तर ‘शेवट’, खालची लांब असेल तर ‘अजून नाही’. बाकी काडीचाही फरक नाही. अर्ध्या तासाने जपानी इंजिनिअर तिथून गेले, चिठ्ठी वाचून थांबले, आणि ट्रक भरायच्या आत खोकी परत आली. मी तोवर अक्षरं नुसती डोळ्यांनी ओळखत आले होते: ‘झाडासारखं काहीतरी आहे ना, मग मात्सु’. हाताने लिहिणाऱ्याला कोणती रेघ आधी आणि किती लांब हे ठरवूनच पेन उचलावं लागतं, म्हणून त्याला तो फरक दिसतो. माती आणि सामुराई यांचंही तसंच आहे: एकाच आकारात खालची रेघ लांब असली तर माती, वरची लांब असली तर सामुराई.

लिहिण्यासाठी महागडी वही नको. गणिताची चौकटीची वही घ्या आणि एका अक्षराला चार चौकटी द्या, दोन वर, दोन खाली. मधोमध आपोआप फुली तयार होते; जपानी मुलांच्या सरावाच्या वहीत चौकोनाच्या आत तशाच तुटक रेघा असतात. मराठी हाताची एक खोड त्याने मोडते. आपण अक्षर शिरोरेषेला टांगतो. त्यामुळे आपली कांजी वरच्या रेघेला चिकटून लोंबते आणि खाली जागा मोकळी राहते. कांजी टांगायची नसते, चौकोनाच्या मध्यावर तोलायची असते.

रेघांचा क्रम म्हणजे वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी नंतर, एवढ्यावर बरंच काम भागतं. तोंड, ‘कुची’, दिसायला नुसता चौकोन, पण त्याच्या रेघा चार नाहीत, तीन आहेत: डावी उभी, मग वरची आडवी न उचलता कोपऱ्यात वळवून उजवी उभी, मग तळ. सूर्यात आत एक आडवी जास्त, म्हणून चार. ‘देश’ या अक्षरात चौकोनाच्या आत एक रत्न आहे. तीन बाजू काढायच्या, रत्न आत ठेवायचं, मग तळाची रेघ ओढायची. माणसं घरात आल्यावर दार लावतात तसं. छापील शब्दकोशात अक्षर रेघांच्या संख्येवर शोधतात, आणि तोंडाला चार रेघा मोजणारा माणूस भलत्याच पानावर शोधत बसतो.

नियमाला बगल देणारी एक जोडी मला फार आवडते: उजवा आणि डावा. दोन्हींत एक आडवी रेघ आणि तिला छेदणारी, डावीकडे उतरणारी एक तिरपी. खाली उजव्यात तोंड, डाव्यात एक वेगळा तुकडा. दिसायला वरचा भाग तोच. पण ‘उजवा’ लिहिताना तिरपी रेघ आधी, आणि ‘डावा’ लिहिताना आडवी आधी.

रेघ संपते कशी यालाही तीन शब्द आहेत: थांबवणं (तोमे), उडवणं (हाने), ओढून सोडणं (हाराइ). पाण्याच्या मधल्या उभ्या रेघेला खाली डावीकडे आकडा असतो. झाडाच्या उभ्या रेघेला छापील अक्षरात आकडा नसतो, आणि कडक शिक्षक त्यावरून गुण कापतात. जपानच्या सांस्कृतिक कामकाज विभागाने २०१६मध्ये मार्गदर्शिका काढून स्पष्ट केलं आहे की हाताने लिहिताना झाडाला आकडा आला तरी ते झाडच. तेव्हा आकड्यावरून जीव टाकू नका. रेघेच्या लांबीवरून मात्र टाका, कारण लांबी बदलली की अक्षरच दुसरं होतं.

एकच अक्षर ५० वेळा काढू नका. दहाव्या वेळेनंतर हात चालतो आणि मन भाजीच्या यादीवर जातं. बघा, वही मिटा, दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा, मग न बघता एकदाच काढा आणि ताडून पाहा. चुकलं तर कुठली रेघ चुकली त्यावर बोट ठेवा. तीन दिवसांनी पुन्हा एकदा. मी विद्यार्थ्यांना रोज तीन शब्द देते, आणि त्यातलं नवीन अक्षर हाताने एकच. अँकीसारखं कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप वापरत असाल तर जरूर वापरा, पण कार्डावर सुटं अक्षर घालू नका, अख्खा शब्द घाला.

‘झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती’ अशा गोष्टींबद्दलही विचारतात. या गोष्टी परांचीसारख्या आहेत. इमारत उभी राहीपर्यंत ठेवाव्यात. विश्रांतीची गोष्ट खरी आहे, शेत आणि ताकद मिळून पुरुष हीही. पण ‘पूर्व’ म्हणजे झाडामागून उगवणारा सूर्य, ही सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट मात्र अभ्यासक मानत नाहीत. जुन्या रूपात ते दोन्ही टोकांना बांधलेलं गाठोडं होतं. लक्षात ठेवायला गोष्ट वापरा, मात्र कोणाला इतिहास म्हणून सांगू नका. शिवाय चित्रासारखी अक्षरं थोडीच असतात. बहुतेक कांजीत एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. ‘सेइ’ वाचलं जाणारं निळ्याचं अक्षर घ्या. डावीकडे सूर्य लावला की निरभ्र, पाणी लावलं की स्वच्छ, बोलणं लावलं की विनंती, आणि ओन वाचन सगळ्यांचं सेइ. मन लावलं की भावना, तिथे मात्र ‘जो’ होतं. देवळाच्या ‘जि’वरून वेळ आणि धरणे ही दोन्ही जि, पण त्याच घरातलं ‘थांबणे’ हे ‘ताइ’. दीडशे अक्षरं झाल्यावर ही कुटुंबं दिसू लागतात आणि पुढचा डोंगर अर्धा होतो. त्याआधी ती शोधत बसू नका, हाताशी पुरेशी माणसंच नसतात.

परीक्षेसाठी किती हवीत? २०१०मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हापासून अधिकृत यादी निघत नाही. शिकवणारे साधारण एन-५ला १०० आणि एन-४ला ३०० धरतात. ही संख्या ओळखण्याची आहे. तुम्ही कारखान्यात काम करता असं लिहिलं आहे, म्हणून पहिल्या शंभरात हे शब्द घुसवा, कुठल्याही पातळीचे असले तरी: अनझेन (सुरक्षा), चुइ (सावधान), बुहिन (सुटे भाग), फुर्यो (सदोष), झुमेन (ड्रॉइंग), केन्सा. शिवाय ‘किकाइ’ दोन आहेत, यंत्र आणि संधी. टाइप करताना दोन्ही पर्याय समोर येतात, आणि ‘यंत्र बिघडलं’च्या जागी ‘संधी बिघडली’ असा मेल गेलेला मी पाहिला आहे.

रस्त्यावरचा सराव हवा असेल तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आहेच. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलं आहे, पुणे-ओकायामा मैत्रीचं म्हणून. ओकायामा दोन अक्षरांत लिहितात, टेकडी आणि डोंगर. टेकडीच्या अक्षरात, चौकटीच्या आत, पुन्हा एक छोटा डोंगर दडलेला आहे. २०२०पासून जपानी मुलं चौथीत प्रांतांच्या नावांची अक्षरं शिकतात, त्यात हे ‘ओका’ आलं. आज ते टाइप करून बघा आणि आतला डोंगर शोधा.

आता तुमचं पान. दुसऱ्या ओळीत उजवा आणि डावा दोन्हींची आडवी रेघ आधी ओढलेली दिसते, शाई जिथे एकमेकींवर चढली आहे तिथे कळतं. तिसऱ्या ओळीतली तोंडं कोपऱ्यात गोल झाली आहेत. पेन एकदाही न उचलता शून्यासारखी काढली आहेत, ती तीन रेघांत काढा. पाचव्या ओळीत ‘विश्रांती’मध्ये माणसाला आणि झाडाला निम्मी निम्मी जागा दिली आहे. डावीकडचा माणूस बारीक हवा, साधारण एक तृतीयांश. चौथी ओळ, पाणी, उत्तम आहे, आकड्यासकट. या पानावर आणखी काही करू नका. नवीन पान उघडा, चार-चार चौकटींत सूर्यापासून मातीपर्यंत सात अक्षरं एकेकदा काढा, आणि तीन दिवसांनी न बघता पुन्हा काढाल त्या पानाचा फोटो पाठवा.